त्याचा पासपोर्ट आणि माझी शेवटची इच्छा

शनिवार, दिनांक ५ डिसेंबर १९८७, सायंकाळचे पाच वाजून वीस मिनिटे. या वेळी माझ्या हातून जे घडले ते आधी लिहिते. घरादाराची वाटणी त्यानंतर.

मी, सुमती हरिहर कर्णिक, वय ६७, अविवाहित, निवृत्त लघुलेखिका, राहणार डोंबिवली पूर्व. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे; माझ्या भावाचा तरीही विश्वास बसणार नाही. हे मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. ज्यांनी आजवर माझ्यावर दडपण आणून पाहिले, त्यांना विचारावे.

ठाण्याच्या खाडीकाठी कोळीवाड्यात एका संस्थेतर्फे मी दर शनिवारी मुलांना इंग्रजी शिकवत असे. तिथे एक परदेशी पाहुणा समाजसेवेला आला. त्याचे नाव या कागदावर येणार नाही, सोबतच्या बंद पाकिटात आहे. त्याला बोलावणारे पत्र मीच टाइप केले होते, कारण संस्थेत धड इंग्रजी येणारी मी एकटी. पत्र सुरेख होते. त्यावर त्याला व्हिसा मिळाला.

वर लिहिलेल्या वेळी वर्गातली आठ वर्षांची रंभा माझ्याजवळ येऊन म्हणाली, “बाई, ते अंकल चांगले नाहीत. ते मला...” मी तिला पुढे बोलू दिले नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये चहाडी सांगणाऱ्या मुलीला सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभे करीत. मी तिला तसेच उभे केले. वीस मिनिटे.

पंधरा दिवसांनी तिची आई आवडाबाई मासळीची पाटी घेऊन थेट माझ्या दारात आली. “बाय, माजी पोर तुमाला सांगाला आलेली. तुमी तिला भिंतीला उभी केली?” आम्ही तिघी पोलिसांत गेलो. तो आदल्या दिवशीच विमानाने निघून गेला होता.

१९९२ साली परदेशातल्या एका मैत्रिणीने वर्तमानपत्राचे कात्रण पाठवले. तो दुसऱ्या एका गरीब देशात पकडला गेला होता, तिथल्या मुलांशी तेच वागला म्हणून. कात्रणात पुढे असेही होते की, आमच्याकडे येण्यापूर्वीच तो स्वतःच्या देशात याच गुन्ह्यासाठी तुरुंगात जाऊन आला होता. तिथे त्याला शाळेच्या आसपास फिरकायलाही बंदी होती. आणि आमच्या मुलांकडे यायला मात्र हातात पासपोर्ट!

आता वाटणी.

१. डोंबिवलीची सदनिका रंभा धाकू कोळी हिला. हे तिला सांगितले तर म्हणाली, “बाई, मला भरपाई नको.” मी म्हटले, “भरपाई कसली? दर रविवारी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून, माझ्या कालवणात मीठ कमी आहे असे तोंडावर सांगणारी तू एकटीच आहेस.” तिचे नाव लिहू की नको, हेही मी विचारले. “लिहा. लपायचं त्याने. मी का लपू?”

२. टाइपरायटर तिलाच. पत्रे लिहिण्याची सक्ती नाही. वाटल्यास त्यावर पापडाचे डबे ठेवावेत.

३. माझ्या आईच्या मोत्यांच्या कुड्या आवडाबाईस. मला माफ केले असे ती कधी म्हणाली नाही. पण पुढच्याच शनिवारी मुलीला हाताला धरून वर्गात आणले आणि पहिल्या रांगेत बसवले.

४. बंधू विश्राम यास काही नाही. “परक्या पोरीसाठी पोलिसांत गेलीस, चार लोक काय म्हणतील?” असे त्याने विचारले होते. वाटणी त्याने त्या चार लोकांकडे मागावी.

५. बँकेतील शिल्लक विश्रामची मुलगी शुभदा हिच्याकडे द्यावी. तीच या मृत्युपत्राची व्यवस्थापक. बापाचे तिने आडनावाखेरीज काही घेतलेले नाही. त्या रकमेतून दर तीन महिन्यांनी त्या माणसाच्या देशाच्या वकिलातीस, त्याला पासपोर्ट देऊ नये असे सांगणारे एक पत्र पोचपावतीसह जावे. मी अकरा पाठवली. एकाचे उत्तर आले: प्रवास हा नागरिकाचा व्यक्तिगत हक्क आहे. म्हातारी मेली की पत्रे थांबतील, असे कोणी समजत असेल तर तसे होणार नाही.

६. हा माणूस येत्या ऑगस्टात, जिथे पकडला गेला तिथल्या तुरुंगातून सुटतो. म्हणून या मृत्युपत्राची इंग्रजी प्रत, मी स्वतः टाइप केलेली, आजच त्या वकिलातीस रवाना होत आहे. प्रश्न दोनच आहेत. त्याला पुन्हा पासपोर्ट देणार का? देणार असाल, तर तो ज्या देशात उतरेल तिथल्या पोलिसांना आधी कळवणार का? उत्तर लेखी हवे, सही-शिक्क्यानिशी, दिनांक ३१ जुलै १९९८ रोजी सायंकाळी पाचच्या आत. मी तेव्हा नसले तर उत्तराच्या पाकिटावर कुमारी रंभा धाकू कोळी असे लिहावे. तिचे ऐकून घेणे तुमच्याकडे बाकी आहे.

सही: सुमती हरिहर कर्णिक

सुमतीबाईंनी आमच्या देखत वाचून सही केली. आम्ही त्यांच्या देखत केली.
साक्षीदार: १. काळुराम दामाजी म्हात्रे, शेजारी
२. रमाबाई गुप्ते, निवृत्त परिचारिका

डोंबिवली, दिनांक ९ मे १९९८