हरल्यावरची दारं

आबा, तुम्ही पडलात त्या निवडणुकीचा गुलाल आज सकाळपासून डोळ्यांपुढून हलत नाही. कोडोलीच्या ग्रामपंचायतीला उभे राहिलात, सपाटून मार खाल्लात, आणि दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून, मतं मागितली होती त्याच दारांत परत निघालात. आई चुलीपुढून ओरडली, "तोंड दाखवायला लाज न्हाय वाटत व्हय?" तुम्ही चपला सरकवत म्हणालात, "मागताना वाटली न्हाय, आता कसली?" आणि निवडून आलेल्याच्या घरी जाऊन त्याच्याच हातून कपाळाला गुलाल लावून घेतलात. मला इतका राग आला होता तुमचा! जेवायलासुद्धा शेजारी बसले नाही.

आज त्याच स्वयंपाकघरात मी येरझाऱ्या घालतेय. चूल गेली, गॅस आला. आई तिथंच बसून लसूण सोलतेय. तुमच्या माघारी मी कॅनडात नर्स झाले, तिथलीच नागरिकही झाले. पार उत्तरेला, जमिनीतून तेल काढतात त्या भागात. आता तिथले लोक म्हणतायत, संसदेला उभी राहा. मतदारसंघ कसला, नुसतं जंगल आणि बर्फ, मधेच खाणींचे दिवे. काही गावांना तर नदी गोठली तरच रस्ता. तसल्या एका गावात तिथल्या मूळच्या लोकांतली एक म्हातारी मला म्हणाली, "तेल नेणारे येतात, मतं नेणारे येतात. पडलीस तर परत येशील का?" शप्पथ सांगते आबा, मला तुमच्या चपला आठवल्या.

"उभी ऱ्हा की," आई मान वर न करता म्हणते. "पर निवडून आलीस तर हिकडं कवा येणार? आन् मला न्यायचं नाव काढू नगंस, मी न्हाय त्या बर्फात यायची."

"अजून ठरलं न्हाय गं. इचार चाललाय."

ती लसणाचा पुढचा गड्डा फोडायला घेते. मी पाणी पिते, अंगणात जाते, परत आत येते. जीव थाऱ्यावर नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तरी लिहायला धीर होतोय.

विचारबिचार काही चाललेला नाही, आबा. विमानात बसायच्या आधीच मी त्यांना हो म्हणून बसलेय. तुम्ही असता तर पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं असतं, आणि आईला सांगायचं काम तुमच्या गळ्यात घालून मागच्या दारानं सटकले असते.