कोहळ्यापाशी थांबणारा काटा

बाबा, तुमच्याशी बोलायचं म्हणून नातीला समोर बसवलं आहे. ती कॉलेजात जाते. तिचं अक्षर सुबक आहे असं लोक म्हणतात. मला काय, मला मुंग्यांची रांगच दिसते. मी बोलते आणि ती लिहिते. माझं बोलणं ती थोडं झाडून-पुसून घेते आहे, घेऊ दे. तुम्हीही टेशनावर साहेबाशी बोलताना घरची भाषा खुंटीला टांगूनच जायचे. आता गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, दिवसभर बाजेवर पडून आढ्याकडे बघायचं. म्हटलं, नुसतं पडून राहण्यापेक्षा तुमच्याशी जरा भांडून घ्यावं. तुम्ही उलटून बोलणार नाही, ही त्यातली सोय. जिवंत होते तेव्हा तरी कुठं बोलायचे?

नातीला आधी हेच सांगावं लागलं की तुम्ही करत काय होते. तुम्ही वाशीमच्या टेशनावर तारमास्तर, आणि आपलं घर गावाबाहेर मळ्यात. काका वांगी-मिरच्या पिकवायचे आणि बाजारात न्यायचे. तुम्ही संध्याकाळी कामावरून आले की खांबाशिवायच्या तारा पाठवायचे, वाऱ्यावरून. सरकारचा परवाना होता. पुढच्या खोलीत तुमची पेटी, खाली कापसाच्या जिनातून भरून आणलेल्या बॅटऱ्या, आणि पेटीतून निघालेली तार भिंतीभिंतीनं थेट स्वयंपाकघरात, तिथून झरोक्यातून बाहेर विहिरीवरच्या उंच बांबूवर. बांबू त्या बाजूला होता म्हणून आईच्या चुलीवरून तुमचा रस्ता गेला. पेटीतून निघालेली वीज खरंच बांबूपर्यंत जाते की वाटेतच मुरते, ही तुमची मोठी काळजी. ते सांगणारं यंत्र विलायतेत मिळतं म्हणे. तुम्ही ते साबणाच्या लाकडी खोक्यात घरीच केलं आणि झरोक्यापाशी, तार बाहेर पडते तिथं, ठोकलं. आत एक केसासारखी बारीक तार ताणलेली. वीज गेली की ती तापायची, तापली की सैल व्हायची, मग तिला बांधलेला रेशमाचा धागा मोडक्या घड्याळाच्या कमानीकडे ओढला जायचा आणि काटा फिरायचा. रेशीम आईच्या लग्नातल्या शालूच्या काठातलं. तिला विचारलं नव्हतं, हे मला माहीत आहे, कारण शालू धरायला मीच होते.

काटा पहिल्यांदा तुम्ही कुसळाचा केला होता. रानातलं लांब कुसळ, वजनाला काहीच नाही, तुम्ही स्वतःवरच खूश. त्या संध्याकाळी तुम्ही पुढच्या खोलीतून सहज आत आलात तर काटा चढत होता. तुम्ही आईला म्हणालात, "पाह्य, पाह्य, कसा चढून राह्यला! आज हा विलायतेले पोचते." आईनं भाताची हांडी उतरवली, झाकण घातलं, आणि काटा हळूहळू माघारी आला. ती म्हणाली, "अहो, तुमचा काटा माह्या भाताच्या वाफेनं नाचून राह्यला. पेटी तर तुमी अजून लावलीच नाही." कुसळ दमट झालं की पीळ सोडतं, हे मळ्यातल्या शेळीलाही माहीत. तुम्ही दोन दिवस जेवताना मान वर केली नाही. मग केरसुणीची काडी चिरून काटा केला, आणि तो खरा निघाला.

पण पेटी एका खोलीत आणि काटा दुसऱ्या खोलीत. पेटीची चकती फिरवायची तुम्ही, काटा बघून ओरडायचं कोणी? भाऊ शाळेतून यायचा आणि विहिरीवर पोहायला पळायचा. राहिले मी. तुम्ही काट्यामागे पुठ्ठा लावून त्यावर आकडे काढले, मला पाटावर बसवलं आणि पलीकडून हाक दिली, "किती?" मी बघते आहे. काटा सरकतो आहे. त्याच्याखाली काहीतरी वाकडंतिकडं काढलेलं आहे. "अवं किती? काहून बोलत नाहीस?" मी म्हटलं, "चढून राह्यला." "कुठलोक? आकडा सांग ना!" तेवढ्यात खोक्यात बारीक लाल रेघ उमटली आणि आतली तार जळून तुटली. तुम्ही धावत आले. "डोये फुटले का तुये? एवढा मोठा आकडा दिसत नाही?" दिसत होता, बाबा. दिसणं आणि वाचणं यात फरक असतो, हे तुमच्यासारख्या माणसाला मी काय सांगायचं? आईच म्हणाली, "तिले आकडे कोणं शिकवले, ते त सांगा." तुम्ही खोकं उतरवून नवी तार ताणायला बसले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुठ्ठा बदलला. आकडे खोडून त्यांच्या जागी चित्रं काढली: खाली मेथीची जुडी, मग मिरची, मग वांगं, आणि शेवटी कोहळं. हळद, कुंकू, काजळ, पालकाचा रस, घरातलेच रंग. म्हणालात, "कोह्यापाशी आला का जोरानं वरड, तार जयते." आणि काय चाललं आमचं दोघांचं! "मिरची!" "आता?" "वांगं... वांगं... अजून वांगंच." "आता?" "कोहळं आलं, बाबा, थांबा!" काका बाहेरून विचारायचे, "मास्तर, भाजी विकून राह्यले का तार पाठवून राह्यले?" मी फुशारून जायचे. मी ओरडल्याशिवाय तुमची तार घराबाहेर पडत नव्हती. त्या वयात एवढा मान कोणत्या मुलीला होता? ते पुठ्ठ्यावरचं वांगं तुम्ही देठासकट, काट्यांसकट काढलं होतं. इतकं निगुतीनं माझ्यासाठी कोणी पुढं काही केलं नाही, माझ्या नवऱ्यानंही नाही, आणि तो माणूस वाईट नव्हता.

मग अकोल्याहून तुमच्यासारखेच एक छंदी वकील आले. खोकं बघून पोट धरून हसले. "मास्तर, हे मीटर हाये का भाजीबाजार?" मी ओरडून दाखवलं, त्यांना कौतुक वाटलं. मी चहा घेऊन आले तेव्हा ते म्हणत होते, "पोरगी हुशार हाये. तिले लिहाले-वाचाले काहून नाही शिकवत?" मी दारात थांबले. चहा सांडू नये म्हणून नाही. तुम्ही काय म्हणता ते ऐकायचं होतं. तुम्ही म्हणालात, "कायले? तिचं काई अडते का?" रागानं नाही, तुसडेपणानं नाही. पाऊसपाण्याचं बोलावं तसं म्हणालात. मी आत येऊन चहा ठेवला.

अडतं, हे तुम्हाला तोंडानं सांगायची माझी छाती नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी भावाची जुनी पाटी शोधली, एक कोपरा उडालेली, राखेनं घासून काळीभोर केली, आणि तुम्ही ओसरीवर बसले होते तिथं येऊन तुमच्यापुढं धरली. काही बोलले नाही. बोलायचं काय? पाटी घेऊन मुलगी समोर उभी राहिली तर तिला काय हवं असतं? तुम्ही पाटी हातात घेतली, बोटानं वाजवली, उन्हात धरली आणि तुमचा चेहरा असा काही खुलला की मला वाटलं, झालं, समजलं. "वा वं माय बाई! हे तुले कसं सुचलं?" म्हणालात, आणि सुताराच्या सामत्यानं तिला भोकं पाडायला बसले. बरेच दिवस तुम्ही कुरकुरत होते की खोक्याचं लाकूड फुगतं, काटा जागेवर परत येत नाही, वीज लाकडात मुरते, दगडासारखं काहीतरी पाहिजे. ते मी ऐकलेलं होतं, तुमच्या लेखी मी तेच आणून दिलं होतं. संध्याकाळपर्यंत पाटीवर नवं मीटर उभं राहिलं, त्यावर तीच मेथी, तेच कोहळं. आणि काटा काय सुरेख चालायला लागला! त्याचाच तर जास्त राग आला.

पुढं लढाई लागली आणि सरकारनं सगळ्या पेट्या जमा करायला सांगितल्या. तुम्ही पेटी आणि मीटर गोधडीत गुंडाळून बैलगाडीतून चौकीवर नेले. जमादारानं मीटर फिरवून फिरवून पाहिलं. "यातून बोलता येते?" "नाही." "ऐकू येते?" "नाही." "मंग हे करते काय?" "किती गेलं ते सांगते." "मंग घेऊन जा घरी," म्हणाला. तुम्ही ते परत झरोक्यापाशी टांगलं. तार काढलेली, काटा मेथीच्याही खाली पडलेला. संध्याकाळी तुम्ही चुलीपाशी येऊन त्याच्याकडे बघत बसायचे आणि मी बाजूला बसायचे. मला वाटायचं, आता ना पेटी ना चकती, आता तरी रिकामपणी म्हणाल, ये पोरी, बस. तुम्ही पाणी मागायचे.

मग लग्न झालं, किन्हीराजा गावातल्या शेतकरी घरात आले. तुमची पत्रं यायची. दीर वाचून दाखवायचे, निम्मं गिळून, त्यांना जेवायची घाई. आणि एक दिवस तार आली. पोस्टमननं हातात दिली आणि न थांबता सायकल वळवली. घरात वाचणारं कोणी नव्हतं म्हणून मी ती घेऊन शेतात निघाले. तारमास्तराची लेक, तार आली तर घाबरेन कशाला? बांधाबांधानं चालताना मनात म्हणत होते, बाबांना परवाना परत मिळाला असेल, नाहीतर भावाचं लग्न ठरलं असेल. चांगली हसत गेले. नवऱ्यानं औत थांबवलं, कागद वाचला आणि टोपी काढली. तेव्हा अडलं, बाबा. तेवढं लांब रान मी हसत चालले, तुम्ही गेल्याचा कागद हातात घेऊन.

आता सरकारची एक पोरगी घरोघर येते, म्हाताऱ्यांना अक्षरं शिकवायला. माझ्याकडे कितीदा येऊन गेली. कधी म्हटलं डोळे चालत नाहीत, कधी म्हटलं ताप आहे, एकदा तर झोपेचं सोंग घेतलं आणि ती गेल्यावर उठून भाकरी खाल्ली. त्याआधी नवरा शिकवतो म्हणाला होता, सून म्हणाली होती, ही नात तर लहानपणापासून मागे लागली आहे. सगळ्यांना वाटतं म्हातारीच्या डोक्यात शिरणार नाही. वाटू दे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, नातीला सांगितलं आहे, पाकीटही आणू नको. तुम्ही कोणत्या टेशनावर आहात हे मला काय ठाऊक? एवढंच सांगायचं होतं की मला शिकता आलं नाही असं नाही. मी रुसले होते, आणि बापानं रुसवा काढल्याशिवाय मुलीनं उठायचं नसतं. हे मी कोणाला कधी बोलले नाही. नातीलाही आत्ता, लिहिता लिहिताच कळलं.