डावीकडून बोलत राहावे

सोमवार, ४ मार्च, दुपार

सकाळी नदीवर घडलं ते असं :
१. हत्तीण पाण्यात आडवी झाली.
२. मी ब्रश घेऊन तिच्या डाव्या बाजूला उभी राहिले.
३. मी काही बोलले नाही.
४. ती उठली. मी तिथे आहे हे तिला माहीत नव्हतं.
५. मी पाण्याखाली गेले. नंतर वर आले. चष्मा आला नाही.

चूक कोणाची, हा मुद्दा नाही. माहुताने मात्र तोच काढला. सुटका करून आणलेल्या हत्तींच्या या कॅम्पमधली ही सगळ्यांत म्हातारी. जंगलात ओंडके ओढताना तिचा डावा डोळा गेला. म्हणून नियम असा : एकाने उजवीकडून घासायचं, दुसऱ्याने डावीकडे उभं राहून सतत बोलायचं, म्हणजे माणूस कुठे आहे ते तिला कळतं. काय बोलायचं, असं मी विचारलं. तो म्हणाला, काहीही बोला की मॅडम, तिला कुठे काय कळतंय! कळत नसेल तर बोलायचं कशाला, असं मी विचारलं.

बुकिंग दोघांचं, मग दुसरं माणूस कुठाय, असंही त्याने विचारलं. ताईला सुट्टी नाही, असं सांगितलं.

बुटांत वाळू आहे. मजा आली.

मंगळवार, ५ मार्च

निर्धार : आठवडाभरात म्हातारी मला आवाजावरून ओळखेल. कारखान्यातल्या पंपांची थरथर मोजणं हे माझं काम. आवाज हा माझाच विषय आहे. बोलण्याचा मजकूर लिहून पाठ केला. विषय : पंपाची देखभाल.

प्रत्यक्षात आज भोपळे कापायला बसवलं. ही शिक्षा नाही. माहूत स्वतःच म्हणाला, शिक्षा नाही. फोडी सगळ्या एका मापाच्या आल्या. हत्तींनी त्याची दखल घेतली नाही.

बुधवार, ६ मार्च

एक निवृत्त नर्सबाई एकट्याच आल्या आहेत. सगळ्यांना बाळा म्हणतात, माहुतालाही. त्यांची आणि माझी जोडी लावली. त्या उजवीकडे ब्रश घेऊन, मी डावीकडे मजकूर घेऊन. बेअरिंगला ग्रीस देण्यापर्यंत आले तेव्हा म्हातारीचे कान हलायचे थांबले. लक्षपूर्वक ऐकत होती. नर्सबाईंच्या मते तिला झोप लागली होती.

मग मजकूर संपला. मी गप्प झाले. म्हातारीची सोंड पाण्यातून वर आली आणि मला शोधायला लागली. आधी खांदा, मग केस, मग तोंडावर एक गरम ओला श्वास. नर्सबाई पलीकडून ओरडल्या, अगं बोल बाई काहीतरी, पुन्हा बुडायचंय का?

तोंडाला आलं ते बोलले. ताई बाथरूममध्ये गाते आणि बेसूर गाते. शाळेत जाताना माझ्या वेण्या तीच घालायची, इतक्या घट्ट की दिवसभर भुवया वर ओढलेल्या. नव्या घरी राहायला गेल्यापासून तिने मला जेवायला बोलावलेलं नाही. मीही विषय काढलेला नाही.

नोंद : हे केवळ ध्वनी म्हणून वापरलं.

गुरुवार, ७ मार्च

एक जोडपं आलं. नदीत उभं राहून भांडत होतं. घराची किल्ली तू घेतलीस, नाही तूच घेतलीस. म्हातारी खूश. सोंड त्या बाईच्याही खांद्यावर, त्या बाईच्याही केसांत.

निरीक्षण : ती सगळ्यांशीच असं वागते. मला फरक पडत नाही. दुपारी जेवले नाही, भूक नव्हती.

शुक्रवार, ८ मार्च

चाचणी घेतली. काठावर उभं राहून तिला हाक मारली. तिने लगेच मान वळवली आणि नर्सबाईंकडे गेली. त्यांच्या हातात केळी होती. चाचणी सदोष.

शनिवार, ९ मार्च

नर्सबाई गेल्या. बॅग रस्त्यापर्यंत मी पोचवली. वाटेत त्यांनी विचारलं, तुझी ताई नक्की काय म्हणाली गं? म्हटलं, सुट्टी नाही. असं ती म्हणाली? म्हटलं, म्हणाली नाही, पण नसणारच. मग त्या थांबल्या. म्हणजे तू तिला विचारलंच नाहीस? म्हटलं, उत्तर माहीत असताना विचारणं म्हणजे वेळ वाया घालवणं. त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, बाळा, पण बुकिंग तर दोघींचं केलंस ना गं?

गाडी आली म्हणून उत्तर देता आलं नाही. परतीची वाट लांब वाटली. चढ आहे.

रविवार, १० मार्च

जोडीला कोणी नाही, म्हणून नदीत जायला मिळालं नाही. म्हातारीला माहूत आणि स्वयंपाकी घासत होते. स्वयंपाकी डावीकडे उभा राहून सासूची गाऱ्हाणी सांगत होता. ती मन लावून ऐकत होती. मी काठावर बसून होते. सकाळपासून कोणाशी एक शब्द बोलले नाही, हे माहुताने चहा देताना साखर किती असं विचारलं तेव्हा लक्षात आलं. आवाज घोगरा निघाला.

माहूत म्हणाला, पुढच्या रविवारपर्यंत तुमची दोघींची जागा धरून ठेवतो. ऑफिसला रजा वाढवायची मेल टाकली. मग ताईला निरोप लिहिला. पहिल्या मसुद्यात तिने का यावं याची तांत्रिक कारणं होती. ती काढली. दुसऱ्यात नाही आलीस तरी चालेल असं होतं. तेही काढलं. उरला तो पाठवला :

ताई, मी हत्तींच्या कॅम्पमध्ये आहे. एका म्हाताऱ्या हत्तिणीला आंघोळ घालायची आहे, त्याला दोघी लागतात. पहिल्या दिवसापासून दुसरी जागा तुझ्याच नावावर आहे. तुला विचारायचं राहिलं होतं. येशील का? गुरुवारपर्यंत कळव.