दुकानातलं हसू

आप्पा, आज दिवसभर मी लोकांची मतं वाचत बसले होते. माझ्या नव्या मालिकेबद्दलची. आता मत द्यायला कुणाला सलूनमध्ये यावं लागत नाही, जेवता जेवता मोबाईलवर लिहून मोकळे होतात. विनोद शिळे झालेत, सासू उगाच ओरडते, पूर्वीच्या मालिका बऱ्या होत्या. वाचून राग येत नाही, नुसता शीण येतो. म्हणून म्हटलं तुमच्याशी बोलावं.

नाशिकरोडला आपलं सलून पुढे आणि स्वयंपाकघर मागे, मध्ये एक पडदा. मी शाळेतून येऊन आईला पीठ मळून देते आहे आणि पलीकडे गिऱ्हाईकं बोलताहेत. टीव्ही खुर्चीच्या मागच्या भिंतीवर, म्हणून खुर्चीतला माणूस तो आरशात बघायचा. अक्षरं उलटी, क्रिकेटचा स्कोअर उलटा, पण मत अगदी ठाम. हा नट नाचताना कवायत करतो. त्या नटीचं रडताना नाक लाल होत नाही, म्हणजे रडणं खोटं. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले काका आणि सिन्नरकडचे एक भाजीवाले, यांचं तर दोन विनोदी नटांवरून सगळा उन्हाळा भांडण चाललं होतं. तुम्ही काकांना हो म्हणायचात आणि भाजीवाल्यांनाही. मला ते आवडायचं नाही. मी एकदा जेवताना तसं म्हणाले, तर तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "मानेवर वस्तरा आहे तोवर गिऱ्हाईकाचंच बरोबर." पण आम्हाला मात्र खरं सांगायचात. सिनेमा पडेल म्हणालात की पडायचाच. माणूस कशाला हसतो आणि कशाला हसल्यासारखं करतो, हे मी त्या पडद्याआडूनच शिकले.

पुढे मुंबईत मला विनोदी मालिका लिहायला मिळाली. दर गुरुवारी, संध्याकाळी साडेसातला. पहिल्या भागाला तुम्ही सगळी नेहमीची मंडळी बोलावून बसवलीत, हे आईने सांगितलं होतं. आठ वाजता तुमचा फोन आला. मी विचारलं, "हसले का?" तुम्ही म्हणालात, "एकदा हसले गं. पण ते जाहिरातीला."

तुम्ही त्यानंतरही काहीतरी सांगत होतात. तुझ्या मालिकेतल्या बायका फार बोलतात, कुणी गप्प राहतं तिथे हसू येतं, असं काहीसं. मी ऐकलं नाही. जगाला हो म्हणणाऱ्या माणसाला माझ्यापुरतं एकदा हो म्हणता येऊ नये, एवढंच डोक्यात होतं. फोन ठेवला आणि मग तुम्हाला करायचं सोडून दिलं. आईशी बोलायचे, तुम्ही घेतलात की कामात आहे म्हणायचे. असे दोन महिने गेले. एका सकाळी दुकान उघडताना तुम्ही शटरपाशीच बसलात, ते उठला नाहीत.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी प्रेसवाले काका आले. दुकान बंद, म्हणून स्वयंपाकघरातच पाटावर बसले. त्यांनी सांगितलं ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. पहिल्या भागाला भाजीवाले म्हणाले होते, "लय पाणी हाय याच्यात, दुसरं काही लावा." त्यांची अर्धी दाढी झाली होती. तुम्ही वस्तरा मिटून ठेवलात आणि म्हणालात, "माझ्या मुलीचं आहे. बघायचं नसेल तर उठा." भाजीवाले तसेच, गालावर फेस घेऊन बसून राहिले. मग दर गुरुवारी तेच लागायचं. आणि सहाव्या भागाला, काका म्हणाले, दुकान खरंच हसलं. सिलिंडरवाला जिना चढतो आणि घरातलं कुणीच बोलत नाही, त्या प्रसंगाला. भाजीवाल्यांना तर ठसका लागला. "तुझ्या आप्पांनी साबणाच्या हातानेच तुला फोन लावला. तू उचलला नाहीस बहुतेक."

उचलला नव्हता. घरचा नंबर बघून मी फोन टेबलावर पालथा ठेवला होता. एवढं मला स्पष्ट आठवतं.

आईलाही मी हे कधी सांगितलेलं नाही. हे पत्र कुणाच्या हाती जाणार नाही म्हणूनच लिहिता येतंय. काकांनी विचारलं होतं, असं सुचतं तरी कसं गं तुला? मी म्हणाले, "आप्पांकडूनच शिकले." ते डोळे पुसत गेले. तो सहावा भाग लिहायचा होता त्या आठवड्यात मी तापाने पडून होते, आप्पा. तो माझ्याबरोबरच्या एका मुलीने लिहिला. मालिकेच्या पाटीवर लेखिका म्हणून नाव तेवढं माझं गेलं.