साखर फुकट

प्रिय नाना,

पाय तुमचा, जीभ तुमची, बाटलीही तुमचीच, आणि दोष तेवढा माझा, हे कसं काय? धाकटा लांब जाऊन बसला, त्याच्या काळजीने माझं थंडा पिणं वाढलं, असं तुम्ही दवाखान्यातल्या नर्सबाईंना सांगितलंत म्हणे. मी घरी होतो तेव्हा काय माठातलं पाणी पीत होतात? फोनवर हे काढलं की तुम्ही फोन कापता. म्हणून पत्र. तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा ताईच वाचून दाखवील. ताई, मोठ्याने वाच आणि एक ओळ गाळू नकोस. नानांना लागेल असं काही आलं की तू गाळतेस, मला माहीत आहे.

कमी केलंय, कमी केलंय, हे तुमचं वर्षभर चाललंय. आधी म्हणालात, मोठी बाटली बंद, फक्त छोटी. मग छोट्या चार झाल्या. मग म्हणालात, उपाशीपोटी घेणार नाही. तेव्हापासून दिवसातून सहा वेळा बिस्किटं खाऊ लागलात. बाटली शिवणमशीनच्या खणात सापडली, अस्तराच्या कापडात गुंडाळलेली सापडली, गार राहावी म्हणून मोरीतल्या बादलीत बुडवून ठेवलेली सापडली. परवा तर कमाल केलीत. चहाच्या कपात ओतून, वर फुंकर मारत पीत बसलात. ताईने विचारलं चहाला बुडबुडे कसले, तर म्हणे साबण राहिला असेल, कप नीट घासत जा. नाना, एवढं डोकं कापडावर चालवलं असतं तर आज दुकानात दोन मशिनी असत्या.

डाव्या पायाची तीन बोटं तर गेलीच. आता डॉक्टरांनी महिन्याची मुदत दिलीय. बाटली सुटली आणि जखम भरली तर ठीक, नाहीतर गुडघ्याखालून पाय काढायचा. शिंप्याचं मशीन पायावर चालतं, जिभेवर नाही. जिभेवर चाललं असतं तर तुम्ही अख्ख्या गावाला कपडे शिवून मोकळे झाला असता.

सोडणं सोपं नाही हे मला कोणी सांगायला नको. मी जिथे लागलोय तो कारखाना थंड्याचाच आहे. हे मी घरी सांगितलं नव्हतं, प्लास्टिकच्या कारखान्यात आहे म्हणालो होतो, कारण तुम्ही पहिलं वाक्य काय बोलला असता ते मला पाठ आहे. रोज दोन बाटल्या फुकट मिळतात. मी पाच पीत होतो. मग एकदा दाढ अर्धी तुटून हातात आली आणि मी ठरवलं, बस. तिसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की शेजारच्या खाटेवरचा जोडीदार नुसता शिट्टी वाजवत होता, तर मी त्याच्या अंगावर गेलो. त्याचा ओठ फुटला. आता चार महिने झाले, थेंब घेतला नाही. वाटलं होतं, मला जमलं की तुमची दया येईल. उलट झालं. मला कळलं की जमतं. मग दया कुठून येणार?

लहानपणी तुम्ही बाटली उघडलीत की आम्हा दोघांना झाकण मिळायचं. आतल्या बाजूला एक थेंब चिकटलेला असे, तो एक दिवस ताईने चाटायचा, एक दिवस मी. तुम्ही मान वर करून घटाघट प्यायचात आणि शेवटी आमच्या तोंडासमोर ढेकर देऊन म्हणायचात, घ्या, हा तुमचा वाटा. गिऱ्हाइकं हसायची. आम्हीही हसायचो. एकदा गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर तुमचीच बाटली कलंडली आणि ताईने सांडली म्हणून तुम्ही तिला त्याच्या पाया पडायला लावलंत. ती पडली. ती कधीच काही म्हणत नाही, म्हणून आपलं सगळ्यांचं बरं चाललं होतं.

आता दोन वर्षांपूर्वीचं सांगतो. डॉक्टरांनी गोड बंद केलं. तुम्ही चहातली साखर सोडलीत, गूळ सोडलात, पण बाटलीपाशी अडलात. तेव्हा ताई दुसऱ्या तऱ्हेची बाटली घेऊन आली. बटणं लावून तिला जे मिळायचं त्यातून. म्हणाली, नर्सबाईंनी सांगितलंय, प्यायचंच असेल तर हे प्या, हे चालतं. तुम्ही बाटली तिच्या हातातून घेऊन मला दिलीत. म्हणालात, हिच्या वाचण्यावर माझा भरवसा नाही, पोरा, तू वाच. मी चौथीत दोनदा बसलेला, पण अक्षरं लागत होती. शुगर फ्री. आता फ्री कुणाला कळत नाही? साबणाच्या पुड्यावर असतं, एकावर एक फ्री. टूथपेस्टवर ब्रश फ्री. मी छाती काढून सांगितलं, नाना, याच्यात साखर फुकट घातलीय. नेहमीची असते त्याच्यावर आणखी.

पुढचं तुम्हाला आठवत असेल. बापाला मारायला निघाली, असं ओरडून तुम्ही कापड मोजायचा लाकडी गज उचललात. तिने हात आडवा धरला. त्या हाताची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत, काजं करताना सुई निसटते. मी दारात उभा राहून हसत होतो. तिच्या डोळ्यांत तेव्हा राग नव्हता, नाना. ती त्या बाटलीकडे बघत होती. तिलाही वाटलं की आपणच चुकलो. त्यानंतर तिने परत कधी अडवलं नाही, तुम्ही मागाल ती बाटली निमूट आणून दिली. तुम्ही तिचं नाव साखरी पाडलंत. तिला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही हौसेने सांगितलंत, आमच्या साखरीने बापाला गोडगोड करून पोचवायचं ठरवलं होतं. पाहुणे हसले, पाणी प्यायले आणि गेले ते गेलेच.

इथे मी मशीनवर नाही, पोती वाहतो. पन्नास किलोचं साखरेचं पोतं जिन्याने वर न्यायचं आणि टाकीत ओतायचं. दोन टाक्या आहेत. पहिल्याच आठवड्यात मी पोतं घेऊन दुसऱ्या टाकीकडे निघालो, तिच्यावर लिहिलं होतं शुगर फ्री. म्हटलं, हिला जास्त लागत असणार. मुकादमाने खालून बोंब मारली. गाढवा, फ्री म्हणजे फुकट नाही, फ्री म्हणजे बिनसाखरेचं! त्या टाकीत साखरेचा एक दाणा जात नाही. पाळीवरची सगळी माणसं पोट धरधरून हसली. तेव्हापासून मला इथे फुकट्या म्हणतात. पोतं खांद्यावर तसंच होतं आणि मला ताईचा हात दिसत होता.

हे झालं त्याला दहा महिने झाले. तुमची बोटं काढली त्याला सहा. मधल्या चार महिन्यांत मी किती वेळा फोन केला, ताईला विचारा. प्रत्येक वेळी तुम्ही म्हणालात, पैसे कधी. मी म्हणालो, एक तारखेला. सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, ठेवलं. आधी लाज वाटली. मग वाटलं, पिऊ दे म्हाताऱ्याला, झाकण चाटायला लावत होता ना. बोटं काढल्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. ताट पूर्ण संपवलं.

हे पत्र लिहिण्याचं कारण एवढंच. गेल्या फोनवर ताई म्हणाली, नानांचा पाय गेला तर तो माझ्यामुळे, मीच आणून देत होते ना. हे ऐकून मला राहवलं नाही. तर नाना, ज्या तोंडाने तुम्ही हिला साखरी म्हणालात, त्याच कानांनी, नाही, तोंड आणि कान वेगळे, पण तुम्हीच ते. तर आता हिच्याच तोंडून ऐका. ताईने आणलेली बाटली बरोबर होती. वाचलं चुकीचं मी, मारलं तुम्ही. आणि ताई, हे वाचताना तुझा आवाज थांबला असेल तर थांबू दे. त्यांना वाट बघू दे. मी येणार नाही, पाय धुवायला नाही आणि पाया पडायलाही नाही. या खेपेपासून पैसे नानांच्या नावावर येणार नाहीत, तुझ्या येतील. त्यातून बाटली आणायची की औषध, की स्वतःचं तिकीट काढून त्या घरातून उठून जायचं, हे तुझं तू ठरव. कुणाला विचारू नकोस. मला तर नाहीच.

तुमचाच, तुमच्यावरच गेलेला,
धाकटा

ताईच्या नावाने पाठवतोय, अकरा हजार चारशे.