टिपाडातलं पाणी

११ जानेवारी

आज ह्येंनी ती मशीन पुन्हा चालू केली. मी विशूला पाजत होते. भिंत अशी थरथरली की पाळण्याची कडी वाजली. लेकरानं दूध सोडलं आन टकामका बघायला लागलं. रडलं बी न्हाई. रडलं असतं तर बरं वाटलं असतं.

आत्याबाईला म्हणलं, पाळणा पुढच्या खोलीत बांधू. म्हणल्या, "पुढं मी निजते. माझे गुडघे घेऊन मी कुठं जाऊ, पत्र्यावर?" मंग म्हणल्या, "ह्याच भिंतीपलीकडं गिरणी होती. तुझे मामाजी दिवसभर दळायचे. तुझा नवरा ह्याच पाळण्यात मोठा झाला. मेला का?"

सासू असं बोलते. मी लुगडी धुवायला घेतली.

१३ जानेवारी

मला त्या मशीनीचा राग हाय. इथंच लिहिते, दुसरं कुणाला सांगू.

एक जाड नळी हाय पोलादाची. दोन्ही टोकाला झाकण. आत पिस्टन. ह्या टोकाला पेट्रोल पेटलं की पिस्टन त्या टोकाला फेकला जातो, तिथं पेटलं की परत इकडं. माझ्या शिलाई मशीनीची शटल जाते-येते तसं, पर गोळीवाणी. पिस्टनच्या मधल्या दांड्यावर चुंबकाच्या कड्या बसवल्यात. नळीभवती तांब्याच्या कॉईली. चुंबक कॉईलीतून धावलं की वीज होते. ती वीज पुढं रिक्षाच्या बॅटरीत भरायची म्हणे. रिक्षा विजेवर चालंल, बॅटरी उतरली की ही रस्त्यातच भरत जाईल.

गाडीच्या इंजिनात पिस्टनला क्रँक, म्हणजे वाकडा दांडा, धरून असतो. कुठवर जायचं ते त्याच्या हातात. हे मला ह्येंनीच सांगितलं. हिला क्रँक न्हाई. मोकळी हाय. "तेच तर भारी हाय तिचं," म्हणले.

मोकळा बैल बी भारीच असतो. लेकराला कुणी त्याच्यापाशी निजवत न्हाई.

आधी ह्ये पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचे. उदगीर, औसा, कुठून कुठून लोकं मोटारी घेऊन यायचे. आता गिऱ्हाईकाच्या मोटारी कोपऱ्यात पडून हायत आन नवरा त्या नळीपाशी उकिडवा.

१६ जानेवारी

सुदर्शन सर आले नांदेडहून. तिथं कॉलेजात शिकवतात. ही मशीन म्हणजे त्यांचं डोकं आन ह्येंचे हात. दोघं भिंतीपलीकडं, गिरणीच्या जुन्या शेडच्या फरशीवर खडूनं आकृत्या काढत बसले. आधी कॉईलीच्या मागं लोखंडी पत्र्या सरळ लावल्या होत्या, तर चुंबक जागोजागी अडकायचं. आता पत्र्या तिरक्या कापून आणल्या. चुंबक आन कॉईलीत फट लग्नपत्रिकेच्या जाडीएवढी पाहिजे, जास्त न्हाई. दांडा हलका पाहिजे. चहा देऊन मी तिथंच उभी राहिले.

म्हणलं, "सर, त्याला धरतं कोण?"

"वीजच धरते, वहिनी. कॉईलमधून वीज काढली की चुंबकाला मागं ओढ बसते. जितकी काढाल तितका लगाम."

"आन ती काढलेली वीज जाते कुठं?"

त्यांनी कोपऱ्यातलं टिपाड दाखवलं. पत्र्याचं, छातीएवढं, पाण्यानं भरलेलं. त्यात पाणी तापवायचे रॉड सोडलेत. रिक्षा तयार होईस्तोवर वीज तिथं घालवायची.

"आन पाणी कमी झालं तर?"

"रॉड उघडे पडून जळतील. लगाम सुटेल. पिस्टन झाकणावर आदळेल. म्हणून तर टिपाड भरलेलं ठेवायचं."

असं म्हणले जसं मीठ कमी पडलं तर काय, असं कुणी विचारावं. ह्ये हसले.

लातुरात ऱ्हाऊन पाण्याच्या भरवशावर! इथं नळ आठ-आठ दिवस येत न्हाई. बायका नळाच्या तारखेवर माहेरपण ठरवतात.

१७ जानेवारी

चुंबकाची कडी खिशात ठेवून विशूला घेतलं ह्येंनी. झबल्याची पिन उपसली आन खिशाला जाऊन चिकटली. लेकराच्या पोटावर लांब ओरखडा. मी कडी हिसकून फेकली तर ती गॅसच्या टाकीला चिकटली. निघंना. दोघांनी ओढून काढली, त्यात ह्येंचं नख काळं झालं.

बरं झालं, म्हणलं मी. मोठ्यानं म्हणलं.

आता विशूच्या कपड्याला नाड्या लावल्यात सगळ्या.

२० जानेवारी

टिपाडातलं पाणी कडकडीत तापतं. आत्याबाई म्हणल्या, "तापलेलं पाणी वाया घालायचं व्हय?" विशूची आंघोळ त्याच पाण्यानं सुरू केली. मंग आमच्या सगळ्यांची. मंग शेजारच्या उमादेवी बादली घेऊन आल्या, थंडी लई हाय म्हणून.

ह्ये म्हणले, न्या. गरम काढलं आन गार टाकलं तर मशीनीलाच चांगलं. पर एक बादली काढली की एक टाकायची. टाकल्याबिगर काढायची न्हाई.

टिपाडाला आतून लाल रेघ मारली. पाणी रेघेच्या खाली जाऊ द्यायचं न्हाई. हे काम माझ्यावर. म्हणजे मी आता मशीनीची मोलकरीण.

आत्याबाई म्हणल्या, "गिरणीच्या इंजिनालाबी असंच टिपाड होतं. मी भरायची. कुरकुर केली न्हाई."

२२ जानेवारी

ह्येंनी विशूला खेळणं केलं. प्लास्टिकची नळी, आत चुंबक, वरून बारीक तार गुंडाळलेली, टोकाला इवला दिवा. हलवलं की दिवा लागतो. ना सेल, ना वायर. "हीच ती मशीन," म्हणले, "फक्त हाताच्या जागी पेट्रोल."

विशू खदखदून हसली. मला बी हसू आलं. मंग नळी टोपणासकट फेविक्विकनं बंद केली का न्हाई ते तीनदा बघितलं आन कपाटावर ठेवून दिली. चुंबक तोंडात गेलं तर.

ह्ये म्हणले, "तुला कशातच सुख न्हाई."

२७ जानेवारी

पाणी रेघेच्या खाली. काल मी स्वतः भरलं होतं.

उमादेवीला विचारलं, टाकल्याबिगर नेलं का? त्यांनी घर डोक्यावर घेतलं. "तुमच्या घरच्या बॉम्बचं पाणी मी चोरू? माझ्या दारात बोअर हाय." मी बी बोलले. गल्लीत तमाशा झाला. आत्याबाई वट्ट्यावर शेंगा फोडत बसून होत्या. म्हणल्या, "हिला भांडायला आवडतंय. नवऱ्याशी भांडायची हिंमत न्हाई, मंग शेजारणीशी."

टिपाडावर झाकण टाकून वर वीट ठेवली.

३० जानेवारी

वीट तशीच. पाणी कमी.

१ फेब्रुवारी

एक वाईट गोष्ट लिहिते. आज बादली हातात घेऊन मी टिपाडापाशी उभी राहिले आन वाटलं, न टाकलं तर? मोडून जाईल एकदाची.

मंग दिसलं — पेट्रोलच्या कॉकपाशी ह्ये उभे असतात. झाकणापासून हातभर. आन भिंतीपलीकडं पाळणा. मोडणारी चीज आधी कुणाला मोडंल?

पाणी टाकलं. नळ आला न्हाई तर प्यायच्या घागरीतलं टाकलं. घसा कोरडा ठेवून त्या मेलीला पाजते मी.

७ फेब्रुवारी

रमाई जयंती. विहारात गेले, पांढरी साडी घातली. आत्याबाई दरसाल पुढं असतात, औंदा म्हणल्या गुडघे दुखलालेत, विशूला ठेव माझ्यापाशी. जाताना टिपाड रेघेच्या वरपर्यंत भरून गेले. ह्येंना दाखवून गेले.

खीर लई छान झाली होती. सगळ्या बायात बसून भीती विसरले. घंटाभर विसरले असंन.

८ फेब्रुवारी

अक्षर वाकडं येतंय.

सकाळी आत्याबाईनं विशूला पाळण्यातून उचललं. म्हणल्या, कोवळं ऊन देते. ऊन कुठं होतं? धुकं होतं. मला राग आला, गार वाऱ्यात लेकरू नेतात म्हणून. मी चुलीपाशी बडबडत बसले.

ह्येंनी मशीन चालू केली. नेहमीचा धडधडाट. मंग तो बारीक, वरचा, किंचाळल्यासारखा झाला. मंग एकच ठोका. पत्रा फाटल्याचा आवाज.

भिंतीचं प्लास्टर पाळण्यात पडलं होतं. मोठी खपली, माझ्या ताटाएवढी. गादीवर. लेकरू निजतं तिथं.

शेडात धूर. एका झाकणाचे बोल्ट तुटून एक पत्र्यातून वर गेला होता. ह्येंचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडा. टिपाडात पाणी बुडाला. रॉड काळे.

टाके पडले. हात हाय, देवानं न्हाई, नशिबानं.

९ फेब्रुवारी

"तू भरतेस म्हणून मी बघितलं न्हाई," म्हणले.

मी म्हणलं, मी भरलं होतं, तुम्ही बघितलं होतं.

"मंग पाणी उडून गेलं? घरात कोण हाय? तुला ती मशीन नकोच हाय. पहिल्या दिवसापासून नको हाय."

नको होती, म्हणलं. पर मी ओतलं न्हाई.

"सातवी शिकलीस, मशीन कळंल असं म्हणत न्हाई मी. पर पाणी ओतायला शिक्षण लागत न्हाई."

मंग शांत झाले, ते जास्त वाईट. म्हणले, "खरं सांग. तू केलं असलं तर बिलोलीला तुझ्या माहेरी पोचवतो तुला आन विशूला. मशीन इथून जाईस्तोवर येऊ नको. भांडण न्हाई करत. फक्त खरं सांग."

आत्याबाई तिथंच होत्या. एरवी तोंडाचा पट्टा. एक शब्द बोलल्या न्हाईत. माझ्या बाजूनं न्हाई, विरोधात न्हाई. मला वाटलं, मजा बघलालेत.

मी सांगितलं, मी न्हाई केलं. ह्येंनी मान फिरवली.

१० फेब्रुवारी

सर नवीन झाकण आन रॉड घेऊन आले. परवा संध्याकाळी परत चालू करणार. माझ्याकडं बघितलं बी न्हाई त्यांनी. चहा तसाच ठेवला.

११ फेब्रुवारी

दुपटी वाळत घालायला मागं गेले. शेडचं दार थोडं उघडं. आत्याबाई टिपाडावर वाकलेल्या. तांब्यानं पाणी काढत होत्या आन मोरीत ओतत होत्या.

घरात नेत नव्हत्या. ओतत होत्या. तांदळाचं धुवण कढीपत्त्याला घालणारी बाई. तोंड धुताना खाली तसराळं धरणारी बाई!

मी दारात. त्या दचकल्या न्हाईत. म्हणल्या, "दार लाव. ऊन येतंय."

म्हणलं, "तुमचा लेक मेला असता."

म्हणल्या, "पाणी नसलं की इंजिन तापतं आन आपसूक गप बसतं. मामाजीच्या गिरणीचं तसंच व्हायचं. मी दोनदा विसरले होते भरायला, दोन्ही टायमाला जाम होऊन बसलं, कुणाला खरचटलं बी न्हाई. म्हणलं, चार बार बंद पडंल, मंग ह्यो कंटाळंल, मोडीत घालंल. परवाचं ते बोल्टामुळं झालं. बोल्ट हलका होता."

मी म्हणलं, "न्हाई आत्याबाई. ही उलटी हाय. हिला पाण्यानंच धरलंय. पाणी गेलं की ही सुटते."

त्यांना कळंना. मी बोटानं दाखवलं — हे चुंबक, ही कॉईल, ही वायर, हे रॉड. सरांनी मला सांगितलं तसं. रॉड जळाले की ओढ गेली. ओढ गेली की पिस्टन झाकणावर.

हळूहळू कळलं. तोंडावरून दिसलं कळताना. मोटारीच्या खोक्यावर बसल्या. तांब्या मांडीवर.

"मंग त्याचा हात..."

मी त्यांच्या मांडीवरचा तांब्या काढून घेतला.

"म्या कापला व्हय."

मी विचारलं, "त्या दिवशी लेकरू उचलून बाहेर नेलंत. एवढी भीती होती लेकराची तर पाळणा पुढं का नेऊ दिला न्हाई?"

"पाळणा हलला असता तर मशीन कायमची बसली असती," म्हणल्या. "तू गप झाली असतीस. मला वाटलं, डिवचलं तर तू नवऱ्याशी भांडशील, मशीन हलवायला लावशील. मी कोणत्या तोंडानं म्हणू? त्याच्या बापाची गिरणी मीच विकायला लावली. शेड रिकामं बघून वरीसभर जेवला न्हाई धड. तू भांडलीस ती उमादेवीशी."

मला अजून राग हाय. लिहिताना बी हाय. माझ्यावर आळ आला तवा गप बसल्या त्या. पर राग आता कुठं ठेवू ते कळंना.

दोघींनी टिपाड भरलं. घरातली प्यायची घागर, मोरीतली बादली, जारचं पाणी बी ओतलं. रेघेच्या वर. शेवटी त्या म्हणल्या, "आता हे मी बघीन. जितं हाय तवर."

१२ फेब्रुवारी

उठले तर पाळणा पुढच्या खोलीत टांगलेला. आत्याबाईचं अंथरूण मशीनीच्या भिंतीला. डोकं भिंतीकडं.

चहा देताना ह्येंनी परत विचारलं. बांधलेला हात पुढं धरून विचारलं. "एकदाच सांग. पाणी तू ओतलं का? बिलोलीला पोचवतो म्हणलो, ते अजून तसंच हाय."

आत्याबाईचा हात परातीत थांबला.

मी म्हणलं, हाव.