रेघ नसलेली चिमणाबाई

कळंबा, कोल्हापूर
३ फेब्रुवारी २०२५

चि. संयोगिता हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललो तर तोंडातून शिव्या जातील म्हणून लिहितोय. शेजारचा पोरगा अनेकांत या चिठ्ठीचा फोटो काढून धाडेल. तू सांभाळतेस त्या शोशाना आजींनी इमारतीच्या अंगणात तुझ्या आईच्या नावाचा बाक बसवला, मला भरून आलं. बाकाचा फोटो गल्लीभर दाखवला. पण अनेकांतनं पाटीवरचं हिब्रू मोबाईलला वाचायला लावलं, तर निघालं त्सिमनाबाय!

ही कोण बाई? तुझी आई चिमणाबाई, कुणी चिमाक्का म्हटलं तरी ओ द्यायची न्हाय. तिच्या मातीला तुला येता आलं नाही, ते मी गिळलं. हे गिळणार न्हाय. पाटी काढ.

रागावलो तरी तुझाच,
आबा

हैफा, इस्रायल
९ फेब्रुवारी

ती. आबांना सा. न. वि. वि.

संताप मलाही आला, आणि थोडा तुमचाही. पाटी काढ म्हणणं सोपं आहे. आई आठवली की जाऊन बसायला मला इथे तो एकच बाक आहे.

हिब्रूत च ला वेगळं अक्षर नाही. त्स च्या डोक्याशी डावीकडे बारीक रेघ दिली की च होतो. आजींनी लिहून दिलं त्यात ती रेघ होती, पाटीवाल्याने खाल्ली. जाब विचारला तर म्हणाला, लोक समजून घेतात, शोशानातला श हा स नाही हे दाखवणारा ठिपका तरी कोण देतं? मी म्हटलं, शोशानाला सगळे ओळखतात, माझ्या आईला इथे कोण ओळखतं? तरी रेघ देईना. शेवटी आजींचं लाल नेलपॉलिश घेतलं आणि रेघ मीच ओढली. निळ्या अक्षरांवर लाल शोभत नाही म्हणून आजी कुरकुरल्या. फोटो पाठवते. आता वाचून घ्या, आणि जेवत जा वेळेवर.

लोभ आहेच, राग सोडा.
तुमची संयोगिता

कळंबा
१० फेब्रुवारी

चि. संयोगितास आशीर्वाद.

मोबाईल चिमनाबाय म्हणाला. ण त्यालाही येत न्हाय, पण तेवढं चालवून घेतो. अनेकांतला परत परत वाचायला लावलं. पाटीवाल्याला मात्र मी माफ केलेलं नाही.

आजींना सांग, लाल शोभत नाही असं म्हणू नका. तुझी आई कुंकवाशिवाय कधी उंबऱ्याबाहेर पडली नव्हती, आणि त्या गड्यानं तिला मोकळ्या कपाळानं परमुलखात चारचौघांत बसवली होती. पावसानं रेघ पुसली तर लगेच लाव. सवाष्ण गेलीय ती.

तुम्हा दोघींचा,
आबा